मुकादमाची चिठ्ठी

शके १९३८, वैशाख शुद्ध चतुर्दशी. इंग्रजी तारीख वीस मे २०१६, वार शुक्रवार. उन्हाळा शेवटाला आलेला. एक जूनला मासेमारीची बंदी लागणार होती आणि होड्या किनाऱ्यावर ओढायला अकरा दिवस उरले होते.

त्या दिवसांत कोकणातल्या एका लहान बंदरावर एक वृद्ध आणि त्याचा एक शिष्य मच्छीमार सोसायटीचे शीतगृह सांभाळत असत. वृद्ध अडुसष्ट वर्षांचा. शिक्षण सातवी. पण उभे आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजच्या यंत्रांजवळ गेलेले, त्यामुळे संगणकाच्या पोटात काय चालते हे त्याला पक्के ठाऊक. बंदरावर सगळे त्याला आबा म्हणत. शिष्य एकतीस वर्षांचा, पदवीधर. आबा त्याला नावाने हाक मारत नसत. इंजिनिअर म्हणत. त्या शब्दात मान किती आणि टोमणा किती, हे शिष्याला तीन महिन्यांत कळले नव्हते.

आबांची मुदत एकतीस मेला संपत होती. पुढे शीतगृह शिष्याने एकट्याने पाहायचे, असे सोसायटीच्या चेअरमननी लेखी कळवले होते. ते पत्र शिष्य शर्टाच्या खिशात ठेवी. दिवसातून चार वेळा तो खिसा चाचपून पाही. त्याला आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती.

शीतगृहात दोन खोल्या. मोठी खोली शून्याच्या जरा वर ठेवत. तिथे होड्यांचा ताजा माल ट्रक येईपर्यंत थांबे. लहान खोली शून्याखाली अठरा अंश. दोन्ही खोल्यांचे तापमान संगणकातला एक प्रोग्राम दर मिनिटाला वाचत असे. थंडी कमी पडली की तो कंप्रेसर चालू करी, पुरेशी झाली की बंद करी. काही बिघडले तर घंटा वाजवी. प्रोग्राम शिष्याने लिहिला होता आणि त्याचे नाव राखणदार ठेवले होते.

असे प्रोग्राम समोर दिसत नाहीत. ते पडद्यामागे राहून काम करतात. ते चालू आहेत की मेले, हे मुद्दाम विचारावे लागते. येथेच माणूस फसतो. आवाज नाही म्हणजे सगळे ठीक, असे त्याला वाटते.

गुरुवारी संध्याकाळी शिष्याने राखणदारात एक लहानशी सुधारणा केली. संगणकावर आपली खिडकी उघडली, तिच्यातून राखणदाराला पुन्हा सुरू केले, पाच मिनिटे पाहिले, खिडकी मिटली आणि घरी गेला. जे काम आपल्या खिडकीतून सुरू होते ते त्या खिडकीला बांधलेले असते. खिडकी मिटली की यंत्र त्या कामालाही निघायला सांगते. शिष्य फाटकाबाहेर पडला तेव्हा राखणदार संपलेला होता. कंप्रेसर त्या वेळी बंद होता. तो बंदच राहिला.

शुक्रवारी सकाळी सातला मोठ्या खोलीचा काटा अकरा अंशांवर होता. आत तेवीस होड्यांचा माल होता. घंटा वाजली नव्हती, कारण घंटा वाजवणाराच उरला नव्हता.

समोर जुलेखाबीचा बर्फाचा कारखाना. आबा रस्ता ओलांडून गेले आणि बर्फाच्या बारा लाद्या हातगाडीच्या फेऱ्या करून घेऊन आले. मासा वाचला. दुपारी शिष्य बर्फाचे पैसे विचारायला गेला. जुलेखाबी ओट्यावर बसून लाद्यांची गोणपाटे झटकत होती. तिने वर पाहिले नाही.

"विकत दिलेला नाही. उसना दिलाय. उसनं बर्फानंच फेडायचं."

शिष्य म्हणाला, सोसायटीकडे बर्फ करायचा कारखाना नाही.

"ते तुझं तू बघ. एकतीसला सकाळी दहाच्या आत. त्या दिवशी सगळ्या होड्या एकदम किनाऱ्याला लागतात, माझ्याकडे लादीचा तुकडा उरत नाही. तुझ्या बारा कमी पडल्या तर कुणाचा तरी माल उन्हात सडेल. आणि लोक मला विचारतील. तुला कोण ओळखतं?"

मागे आबा उभे होते. त्यांनी मान हलवली. शब्द दिला गेला.

आबांनी उपाय काढला. खाद्यतेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे गोळा करायचे, धुवायचे, पाण्याने भरून लहान खोलीत ठेवायचे. तीन डब्यांचा बर्फ म्हणजे एक लादी. छत्तीस डबे हवेत. खोलीतल्या पंख्यासमोर एका वेळी नऊच मावत आणि गाभ्यापर्यंत गोठायला दोन दिवस लागत. चार खेपा, आठ दिवस. बावीस तारखेला सुरू केले तर तीसला पुरे. हाताशी एकच दिवस जास्तीचा. आणि झालेले डबेही त्याच खोलीत रचून ठेवायचे, कारण दुसरी जागा नाही. म्हणजे आठ दिवसांत एकदा जरी ती खोली तापली तर पहिल्या खेपेपासूनचे सगळे पाणी.

राखणदाराबद्दल आबा एवढेच बोलले, की काम खिडकीपासून सोडव. "तू उठून गेल्यावर जे चालत नाही, ते चालूच नाही असं समज."

शिष्याने तसे केले. आता तो खिडकी मिटून गेला तरी राखणदार मागे राहत असे. पण शिष्याची धास्ती गेली नाही, वाढली. तो दर पाच मिनिटांनी यंत्राला विचारी, राखणदार आहे का. आहे. पुन्हा विचारी. जेवणाचा डबा संगणकासमोर उघडे आणि अर्धा खाऊन मिटे. घरी गेला तरी मन त्या खोलीत. त्याची बायको एकदा म्हणाली की तुम्ही जेवताना भिंतीकडे बघता. तो खरेच बघत असे. घरातल्या भिंतीवर घड्याळ होते आणि त्याचा काटा त्याला खोलीच्या काट्यासारखा वाटे.

दोन दिवस आबांनी हे पाहिले. मग म्हणाले, "राखणदाराची राखण करतोयस. तुझी कोण करतो?"

हा टोमणा शिष्याला लागला. त्याने एका दिवसात दुसरा प्रोग्राम लिहिला. त्याचे नाव मुकादम. यंत्र प्रत्येक चालत्या कामाला एक नंबर देते. राखणदाराचा नंबर होता १९४६. शिष्याने तो एका लहानशा फाईलमध्ये लिहून ठेवला. तिला तो चिठ्ठी म्हणे. मुकादम दर मिनिटाला चिठ्ठी वाची आणि यंत्राला विचारी, १९४६ जिवंत आहे का. आहे म्हटल्यावर पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिही, ठीक. नाही म्हटले तर त्याने नवा राखणदार उभा करायचा होता. शिष्याने आबांना बोलावून ते हिरवे अक्षर दाखवले.

आबांनी चष्मा वर करून पाहिले. "राखणदार पाडून बघितलास?"

शिष्य म्हणाला, आत अठरा डबे आहेत. आत्ता पाडायचा धोका कसा घेऊ? आणि पाडायची गरजच काय, मुकादम आहे की.

आबा काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे शिष्याला होकारासारखे वाटले.

सव्वीस तारखेला दुपारी बंदरावरची वीज गेली. दोन तासांनी आली. खोलीचे दार बंद असल्यामुळे काटा फारसा हलला नव्हता. संगणक उठला आणि ठरलेल्या यादीतली सगळी कामे त्याने आपणच सुरू केली. राखणदार आला, मुकादम आला, पावत्या छापणारा प्रोग्राम आला. कंप्रेसर घुमू लागला. पडद्यावर हिरवे ठीक. संकट येऊन गेले आणि आपली व्यवस्था टिकली, असे शिष्याला वाटले. सत्तावीसला तो दुपारी घरी जेवायला गेला. अठ्ठावीसलाही गेला.

एकोणतीस तारीख, रविवार, दुपारचे तीन. सत्तावीस डबे गोठून भिंतीला रचलेले. शेवटचे नऊ अर्धवट गोठलेले. शिष्य वही लिहीत होता. आबा आले. त्यांनी आधी लहान खोलीच्या दारावरचा जुना काटा पाहिला. शून्याखाली अठरा. कंप्रेसर बंद होण्याची वाट पाहिली. तो थांबला तसे संगणकासमोर बसले, एक यादी काढली, एक शब्द आणि एक आकडा टाईप केला आणि राखणदाराला मारून टाकले.

शिष्याला प्रथम वाटले, आपण चुकीचे पाहिले.

मग तो उठला. आबांनी त्याच्यापुढे हात आडवा धरला. "बस. मुकादम आहे ना तुझा. बघू या."

एक मिनिट गेले. दोन गेली. मुकादमाने राखणदाराला उठवायला हवे होते. उठवले नाही. पडद्यावर हिरवे अक्षर तसेच होते. ठीक. पाचव्या मिनिटाला शिष्य दाराशी जाऊन काटा बघून आला. सतरा. परत पडद्याकडे आला. ठीक. त्याला ते हिरवे अक्षर पाहवेना.

त्याने विनवले, मी हाताने उठवतो. आबा नाही म्हणाले. त्याने सांगितले, जुलेखाबीला दिलेला शब्द तुमचा आहे. आबा म्हणाले, "माझाच आहे. बस."

आबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. बाहेर कोणी जाळे ओढत होते. त्याचा खरखर आवाज येत होता आणि आत कंप्रेसरचा आवाज नव्हता. काटा सोळावर आला. शिष्याच्या मनात डब्यांतला बर्फ वितळू लागला. खरे तर बंद दारामागे बर्फाला अजून काहीही झाले नव्हते. पण घाबरलेल्या माणसाचे डोळे काट्याच्या पुढे धावतात.

पंचवीस मिनिटांनी काटा पंधरावर आला. तेव्हा आबा म्हणाले, "हा ठीक म्हणतोय. कोण ठीक आहे, विचार त्याला."

शिष्याने चालत्या कामांची यादी काढली. १९४६ होता. जिवंत होता. पण त्याच्यापुढे नाव राखणदाराचे नव्हते. पावत्या छापणाऱ्या प्रोग्रामचे होते.

वीज जाऊन आल्यावर यंत्राने सगळ्यांना नवे नंबर दिले होते. राखणदार १९६१ झाला होता. जुना १९४६ पावत्या छापणाऱ्याच्या वाट्याला आला होता. चिठ्ठी मात्र तीच होती. तीन दिवस मुकादम इमानाने पावत्या छापणाऱ्यावर पहारा देत होता आणि राखणदारावर कोणाचीच नजर नव्हती. आबांनी मघाशी टाईप केलेला आकडा १९६१ होता, हेही शिष्याला आत्ता आठवले.

आबांनी राखणदाराला पुन्हा सुरू केले. कंप्रेसर घुमला. शिष्य मटकन खुर्चीवर बसला. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग होता.

"तुम्हाला माहीत होतं. नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं, आबा."

"सांगितलं असतं तर तू चिठ्ठी बदलली असतीस."

शिष्याने खरोखर तेच केले असते. १९४६ खोडून १९६१ लिहिले असते आणि जेवायला गेला असता.

आबांना लांब बोलायची सवय नव्हती. त्या दिवशी ते थोडे बोलले.

"बंदरावरच्या हमालांना सोसायटी पितळी बिल्ले देते. अकरा नंबरचा बिल्ला पूर्वी सदू भोसलेकडे होता. तो गेला. बिल्ला आता त्या काण्या गणपतकडे आहे. लांबून तुला अकरा नंबर दिसेल आणि तू म्हणशील, सदू कामावर आहे. बिल्ला कामावर असतो रे. माणूस आहे का, ते बघावं लागतं."

ते पुढे म्हणाले, "आणि तुझा मुकादम शेजारी आहे. शेजाऱ्याला मरणाची खबर कोण देणार? तो चिठ्ठी वाचत बसतो. यंत्राचा नियम असा आहे, की ज्याने काम जन्माला घातलं त्यालाच ते काम मेल्याची खबर मिळते. लगेच मिळते. विचारावं लागत नाही. मग राखणदाराला दुसऱ्याच्या घरी कशाला जन्म देतोस? मुकादमाच्याच पोटी घाल."

शिष्याने विचारले, आणि मुकादमच पडला तर?

"त्याच्या वर यंत्राचा स्वतःचा एक नंबरवाला प्रोग्राम आहे. यंत्र उठतं तेव्हा पहिला तो उठतो. मुकादमाला त्याच्या हवाली कर. तो यंत्राच्या आधी मरत नाही." मग त्यांनी बोट वर केले. "आणखी एक. पडला की उठवायचा, पडला की उठवायचा, हे सांभाळणं नव्हे. एका मिनिटात तीनदा पडला तर त्याला काहीतरी दुखतंय. मग उठवू नको. घंटा वाजव आणि माणसाला बोलाव."

शिष्याने मान खाली घालून विचारले, की आत सत्तावीस डबे असताना पाडायची वेळ आजच का निवडलीत?

"आज मी आहे. परवानंतर नाही. आणि आज दुपार आहे, तू जागा आहेस, कंप्रेसर नुकताच थांबलाय, दार बंद आहे. तो आपण होऊन पडेल तेव्हा यातलं काहीच विचारणार नाही."

एवढे बोलून आबा उठले आणि खोलीचा काटा बघायला गेले. जाताना एकदा थांबले. शिष्याला वाटले, आता काही चांगले बोलतील. ते म्हणाले, "तो हिरवा रंग काढ. डोळ्याला झोप आणतो."

शिष्याने त्याच संध्याकाळी चिठ्ठी पुसून टाकली. मुकादम नव्याने लिहिला आणि एक नंबरवाल्याच्या हवाली केला. आता मुकादम स्वतः राखणदाराला जन्म देई आणि त्याच्या मरणाची खबर थेट त्याच्याकडे येई. ठीक हा शब्द काढून टाकला. त्या जागी दोन्ही खोल्यांचे शेवटचे तापमान आणि ते वाचल्याची वेळ आली. राखणदार नुसता जिवंत आहे हे पुरेसे नाही, त्याने काम केल्याची खूण हवी, हे त्याचे त्यालाच सुचले. आबांनी ते पाहिले. चष्मा वर केला, खाली केला. नाही म्हणाले नाहीत.

तीस तारखेला सकाळी अकरा वाजता शिष्य संगणकासमोर बसला. आत छत्तीसही डबे होते. त्याने काटा पाहिला, दार पाहिले, कंप्रेसर थांबेपर्यंत थांबला. आबा बाहेर पायरीवर बसले होते. त्यांची पाठ दिसत होती. शिष्याने राखणदाराला स्वतःच्या हाताने पाडले.

दोन सेकंदांत यादीत राखणदार पुन्हा आला. नंबर नवा होता. शिष्याने तो नंबर वाचला आणि लिहून घेतला नाही. दहा मिनिटांनी पुन्हा पाडले. पुन्हा उठला. मग त्याने मुद्दाम एका मिनिटात तीनदा पाडले. तिसऱ्या वेळी राखणदार उठला नाही आणि घंटा वाजली. इतकी मोठी वाजली की बाहेर जाळी शिवणारे दोघे उठून दारात आले.

आबांनी पायरीवरून मागे वळून पाहिले नाही. "कळलं," ते म्हणाले. "बंद कर आता."

शिष्याने घंटा बंद केली आणि राखणदाराला पुन्हा कामाला लावले. त्याची धास्ती गेली असे नाही. ज्याच्या हवाली इतरांचा माल आहे त्याची ती जाऊही नये. पण आधी ती धास्ती त्याला संगणकासमोर बांधून ठेवत होती. आता ती यंत्रात आपल्या जागी बसली होती आणि तो उठू शकत होता. त्या दुपारी त्याने डबा पूर्ण खाल्ला.

एकतीसला पहाटेपासून होड्या येऊ लागल्या. नऊ वाजता शिष्याने आणि दोन हमालांनी हातगाडीवर डबे चढवले. चार फेऱ्या झाल्या. आबा प्रत्येक फेरीला गाडीच्या बाजूने चालत होते. शेवटच्या फेरीला रस्त्याच्या मध्यावर त्यांनी विचारले, "तिकडे आता कोण बघतंय?"

"मुकादम."

"तू नको?"

"घंटा वाजली की जाईन."

आबा पुढे चालू लागले.

जुलेखाबी ओट्यावर उभी होती. किनाऱ्यावर माणसांची ओरड सुरू झाली होती आणि तिचा शेवटचा साठा गाड्यांवर चढत होता. तिने एक डबा उलटा करायला लावला, लोखंडी सळई घेतली आणि बर्फाच्या गाभ्यावर मारली. आत पाणी राहिले असते तर आवाज पोकळ आला असता. भरीव आला. तिने दुसरा डबा पाहिला. भरीव. मग सळई भिंतीला टेकवून ठेवली आणि बाकीचे डबे न तपासता आत घ्यायला सांगितले. पहिल्या सहा डब्यांचा बर्फ तिथूनच एका होडीच्या माणसाने पाटीत भरून नेला.

ती शिष्याला म्हणाली, "दहाला पाच मिनिटं कमी आहेत."

छत्तीस डबे उतरले. बारा लाद्यांचे उसने फिटले.